संशय माणसावर घ्या, जमातीवर नको : महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मराठवाडा आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवरील एका तालुका न्यायालयात मी फौजदारी वकिली करतो. माझ्या पक्षकारांत फासेपारधी समाजातील माणसे बरीच आहेत. त्यांच्या बाबतीत जे वर्षानुवर्षे घडत आले आहे, तो एखाद्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचा किंवा एखाद्या ठाण्याच्या कारभाराचा प्रश्न नाही. म्हणून कोणा एकाविरुद्ध तक्रार न करता हे पत्र थेट आपल्याला आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे. गुन्हा घडल्यावर संशयाची सुरुवात पुराव्यापासून व्हावी, जमातीपासून होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि त्यासाठी अधिकाऱ्यांची सदिच्छा पुरेशी नाही, आपला लेखी आदेश लागेल.

तालुक्यात कुठे घरफोडी झाली, एखाद्या शेतवस्तीवर दरोडा पडला, की तपास पथकाची गाडी लवकरच जवळच्या पालावर, म्हणजे तंबू-झोपड्यांच्या वस्तीवर, येऊन उभी राहते. बोटांचे ठसे, मोबाइल टॉवरची माहिती, चोरीचे सोने विकत घेणाऱ्यांची चौकशी हे सारे नंतर होते किंवा होतच नाही. आधी माणसे उचलली जातात. जो सापडेल तो उचलला जातो. कधी भाऊ, कधी मेहुणा, कधी नुकताच ऊसतोडीहून परतलेला पोरगा. ज्याचा शोध आहे तो मिळाला नाही, तर त्याच्या बायकोला किंवा म्हाताऱ्या आईला ठाण्यात बसवून ठेवले जाते. अटकेची नोंद त्या दिवशी होत नाही, सोयीने होते, त्यामुळे न्यायालयासमोर येताना २४ तासांचा नियम कागदावर पाळलेला दिसतो. बायकांच्या अंगावरचे, लग्नात आलेले दागिने मुद्देमाल म्हणून जप्त होतात, कारण पारध्याच्या घरात स्वतःच्या कमाईचे सोने असणार नाही असे गृहीत धरलेले असते, आणि सराफाची पावती वर्षानुवर्षे जपून ठेवायला पालात कपाट नसते. पुढे खटला उभा राहतो, तेव्हा ओळखपरेड टिकत नाही, पंच फितूर होतात आणि काही वर्षांनी निर्दोष सुटका होते. पण तोवर आणखी दोन प्रकरणे त्याच माणसाच्या नावावर लागलेली असतात, कारण मधल्या काळात तो रेकॉर्डवरचा झालेला असतो.

माझ्या मते सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. पहिल्या वेळी माणूस संशयित ठरतो तो त्याच्या जमातीमुळे. दुसऱ्या वेळी तो संशयित ठरतो पहिल्या नोंदीमुळे. आणि तिसऱ्या वेळी रिमांडच्या अर्जात 'आरोपी हा सराईत गुन्हेगार असून' असे वाक्य येते, तेव्हा त्याला एकाही प्रकरणात शिक्षा झालेली नाही हे कोणी तपासून पाहत नाही. वास्तविक १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यातही सराईत ठरवण्यासाठी त्या माणसाच्या स्वतःच्या, पुन्हा पुन्हा झालेल्या शिक्षा लागतात. असे सराईत गुन्हेगार कायदे रद्द व्हावेत अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली केली होती आणि २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीनेही भारताला तेच सांगितले होते. अशा आक्षेपार्ह कायद्यातदेखील जमात हा निकष नाही. रिमांडच्या अर्जात मात्र तो न लिहिता हजर असतो.

हा निकष आला कुठून, हे आपण जाणता, तरी वाचकांसाठी सांगणे भाग आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. हिंदुस्थानात जसा सुताराचा मुलगा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होतो, ही समजूत त्या कायद्याच्या मुळाशी होती. आरंभी तो उत्तरेतील प्रांतांपुरता होता. १९११ च्या दुरुस्तीने तो देशभर लावता येऊ लागला आणि १९२४ साली तो नव्याने एकत्र मांडला गेला. सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत जात, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर परवाना लागे. परवान्याशिवाय सापडणे हाच गुन्हा होता. मुलांना आईवडिलांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. आपल्याकडे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. तिथल्या माणसांनी कापड गिरण्यांत घाम गाळला आणि कुंपणात परत येऊन हजेरी दिली. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंट म्हणतात. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी रद्द झाला. त्याखाली भरडलेले समाज तेव्हापासून विमुक्त म्हणवले जातात.

ज्या समाजांवर हा शिक्का बसला त्यांच्यात रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, कंजारभाट, पारधी असे किती तरी आहेत. रामोशी समाजातील ज्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी दरोडेखोर ठरवून ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली, त्यांना महाराष्ट्र शासन आज आद्यक्रांतिवीर म्हणते आणि त्यांची जयंती साजरी करते. इंग्रजांच्या नोंदवहीतील एका माणसाची नोंद आपण दुरुस्त केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच नोंदवहीतील बाकीच्यांचे काय, हा माझा प्रश्न आहे.

फासेपारध्यांचा धंदा शिकारीचा. फासे लावून तितर, लावे, ससे धरायचे आणि विकायचे, यावर त्यांची पिढ्यानपिढ्यांची गुजराण होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो धंदा गुन्हा झाला. कायदा आवश्यकच होता, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना दुसरी वाट, जमीन किंवा कसब देण्याचे काम जवळपास झालेच नाही. आज त्यांच्यातले पुष्कळ लोक ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर राबतात, शेतात राखण करतात, शहरांत सिग्नलवर फुगे विकतात. गायरानावर चार पत्रे ठोकून राहिले, तर अतिक्रमण म्हणून उठवले जातात. उठून दुसरीकडे गेले, तर भटके आणि म्हणून संशयित ठरतात.

यात एक गोष्ट मला फार लागते. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. जातीचा दाखला काढायला तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेला, की १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा फिरस्ता होता, ज्याच्या बापाचे नाव कुठल्याच शाळेच्या दप्तरात नाही, तो १९५० पूर्वीचा कागद कुठून आणणार? वर्षानुवर्षे हेलपाटे घालूनही दाखला हाती येत नाही आणि मुलाचा वसतिगृहातला प्रवेश हुकतो. म्हणजे हक्क मागायला गेल्यावर त्याचे पारधी असणे सिद्ध होत नाही. पोलीस ठाण्यात मात्र ते सिद्ध करायला एकही कागद लागत नाही.

नाकाबंदीतही हेच होते. पारधी समाजात काळे, भोसले, पवार, शिंदे, चव्हाण ही आडनावे सर्रास आहेत. दुचाकी अडवली जाते, परवाना पाहिला जातो, आडनाव वाचले जाते आणि मग विचारले जाते, "कोणते काळे?" या प्रश्नाचे एक उत्तर दिले तर माणूस पुढे जातो आणि दुसरे दिले तर खाली उतरवला जातो. गाडीचे कागद दोघांचेही सारखेच पूर्ण असतात. माझ्या एका पक्षकाराचा मुलगा पदवीधर आहे, भरतीची तयारी करतो, पहाटे रस्त्याने धावतो. त्याचा बाप मला विचारतो, पोराला अंधारात पळायला पाठवू की नको. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलाच्या बापाला गस्तीच्या गाडीची भीती वाटावी, ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचावी असे मला मनापासून वाटले, आणि हे पत्र लिहिण्याचे ते एक कारण आहे.

आपल्या दलाकडून वृत्तपत्रांना जाणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांचा स्वतंत्र विचार व्हायला हवा. 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' ही बातमी वर्षभरात जिल्ह्याच्या आवृत्त्यांत कितीदा तरी येते. पाच माणसे, कटावणी, दोर, मिरचीची पूड, कोयता, अंधारात थांबलेले वाहन. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० मध्ये दरोड्याची तयारी आणि त्यासाठी एकत्र जमणे हे गुन्हे आहेत, आणि ते असायलाही हवेत. पण ज्यात फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस आणि माल प्रत्येक घरात सापडणारा, असे हे कलम पूर्वग्रहाच्या हाती सहज जाते. पत्रकात आरोपींसोबत त्यांच्या समाजाचाही उल्लेख होतो, किंवा 'रा. पारधी वस्ती' असा पत्ता देऊन तो सूचित केला जातो. इतर समाजातील आरोपीच्या बाबतीत त्याची जात बातमीत येत नाही, आणि येऊही नये. पुढे हे पाचजण सुटतात त्याची बातमी छापून येत नाही. वाचकाच्या मनात राहते ती फक्त पहिली बातमी, आणि त्या बातमीवर आपल्या दलाची मोहोर असते.

ही मोहोर किती खोल जाते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्याला दिसले. मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून आठवडी बाजारात जमावाने धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती हे खरे, आणि त्या दिवसांत देशात इतरत्रही अशा घटना घडल्या. परंतु अनोळखी भटका म्हणजे संशयित, हा धडा मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून गावांना दिला जात होता. मृतांना वाचवण्याचा प्रयत्न करणारे पोलीसही तिथे होते, हे मी विसरलेलो नाही. तरीही सांगतो, जमावाच्या मनातला तो संशय आणि तपास पथकाच्या मनातला संशय एकाच ठिकाणाहून आलेला आहे. आज गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांतील शहाणी माणसे नव्या गावात पाल टाकण्याआधी ओळखपत्रांच्या प्रती घेऊन पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात जातात. जिवाच्या भीतीने ते स्वतःहून हजेरी देतात. कायदा रद्द झाला तरी हजेरीतून त्यांची सुटका झाली नाही.

आपले अनेक अधिकारी खासगीत मला सांगतात की, वकीलसाहेब, तुम्ही कागद वाचता, आम्ही घटनास्थळी जातो. या लोकांतले काही खरोखरच गुन्हे करतात. मी हे नाकारत नाही. दरोड्यात डोके फुटलेला शेतकरी आणि कानातले ओरबाडल्याने कान तुटलेली त्याची आई मी न्यायालयात पाहिली आहेत, आणि अशा प्रकरणांत शिक्षा झालेले पारधी आरोपीही पाहिले आहेत. ज्याने केले त्याला कायद्याने देता येईल ती पूर्ण शिक्षा व्हावी. पण त्या शेतकऱ्याच्या बाजूनेच विचार केला तरी पालावरून सापडेल त्याला उचलण्याची पद्धत त्याचे नुकसानच करते. खरा गुन्हेगार मोकळा राहतो, चोरीचे सोने घेणारा दुकानदार मोकळा राहतो, गुन्हा उघडकीस आल्याची नोंद होते आणि काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटतात, तेव्हा फिर्यादीच्या हाती काहीही राहिलेले नसते. शिवाय ज्या वस्तीत पोलीस केवळ मारायला येतात, त्या वस्तीतून गुन्ह्याची खबर कधीच मिळत नाही. आणि हीच माणसे जेव्हा फिर्यादी म्हणून येतात, म्हणजे त्यांचे पाल जाळले जाते, त्यांच्या बाईवर अत्याचार होतो, गायरानातले उभे पीक नांगरले जाते, तेव्हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लावायला किती टाळाटाळ होते, हे मी जवळून पाहिले आहे. त्याच कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाविरुद्ध खोटी किंवा त्रास देण्याच्या हेतूने फौजदारी कारवाई करणे हाही गुन्हा ठरवला आहे, याची आठवण इथे करून देतो.

जामिनाबद्दल थोडक्यात. न्यायालय जामीन देते, पण जामीनदाराला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. ज्या समाजाकडे जमीनच नाही, त्याने सातबारावाला जामीनदार आणायचा तो पैसे मोजून. ते जमले नाही, तर आदेश हातात असूनही माणूस आतच राहतो. हा प्रश्न न्यायालयांच्या अखत्यारीतला आहे, पण अटक करताना तिचा परिणाम कोणावर किती लांब चालतो, हे अटक करणाऱ्यानेही ध्यानात घ्यायला हवे.

कायद्याच्या अंगाने आता संदिग्ध असे काही उरलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना कारागृहांतील जातीवर आधारित कामाची विभागणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. या प्रकरणाची याचिकाकर्ती पत्रकार मुंबईची आहे, याचा मला महाराष्ट्रीय म्हणून अभिमान वाटतो. त्याच वर्षी मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले होते की, केवळ मागास किंवा वंचित समाजातून आला म्हणून निरपराध माणसाचे नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्यातील गुन्हेगारांच्या नोंदपत्रात, यांत्रिकपणे चढवले जाऊ नये. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज लेखी नोंदवण्याचे बंधन आहे. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आवश्यक केले आहे. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश डिसेंबर २०२० पासून आहेत. नियम भरपूर आहेत. पालावर गाडी येते तेव्हा ते गाडीत नसतात.

म्हणून मागण्या अशा आहेत. सर्व आयुक्तालयांना आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना आपण स्पष्ट लेखी आदेश द्यावा की, संशयिताची जमात हे चौकशीचे, झडतीचे किंवा अटकेचे कारण असू शकत नाही, आणि प्रत्येक अटकेच्या लेखी कारणांत त्या विशिष्ट व्यक्तीविरुद्ध कोणती माहिती होती हे नमूद झाले पाहिजे. नातेवाइकाला ओलीस ठेवल्यासारखे ठाण्यात बसवणे ताबडतोब थांबावे. ठाण्याठाण्यांतील हिस्ट्रीशीटची छाननी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून व्हावी आणि ज्यांना एकाही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही अशांच्या नोंदी का ठेवायच्या, याचे कारण लिहिले जावे. ते लिहिता आले नाही तर नोंद काढावी. पालावरच्या झडतीचे चित्रीकरण नसेल, तर वरिष्ठांनी त्याचा जाब विचारावा. प्रसिद्धिपत्रकातून जात, जमात आणि वस्तीचे नाव वगळावे.

प्रशिक्षणाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्याला सर्वांत अधिक काळ लागेल आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नाशिकच्या अकादमीत आणि राज्यातील प्रशिक्षण केंद्रांत तरुण अधिकाऱ्याला किंवा शिपायाला अमुक समाजाची गुन्ह्याची अमुक पद्धत, अशा रीतीने काही शिकवले जात असेल, पाठ्यपुस्तकातून असो वा जुन्या हवालदाराच्या तोंडून असो, तर ते थांबवून १८७१ च्या कायद्याचा इतिहास आणि २०२४ चा निकाल शिकवला जावा. त्या वर्गात विमुक्त समाजांतून आलेली मुले-मुलीही बसलेली असतात. गणवेश अंगावर असताना आपल्याच आजोबांची ओळख गुन्हेगार म्हणून ऐकावी लागणे, ही त्यांच्यावर होणारी क्रूरता आहे.

शेवटची मागणी आकड्यांची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक अहवालात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग असे रकाने आहेत, विमुक्त असा रकाना नाही, त्यामुळे या समाजांतील किती माणसे कच्च्या कैदेत आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. नावे जाहीर न करता, गेल्या पाच वर्षांत दरोड्याच्या तयारीच्या गुन्ह्याखाली विमुक्त समाजांतील किती जणांना अटक झाली आणि त्यांपैकी किती जण दोषी ठरले, एवढी जिल्हावार माहिती आपण प्रसिद्ध करावी. माझे म्हणणे चूक असेल, तर त्या आकड्यांतून ते उघड होईल.

माझ्या भागातील अशा खटल्यांची निकालपत्रे, पक्षकारांची संमती घेऊन, आपण नेमाल त्या अधिकाऱ्याकडे सादर करण्यास मी तयार आहे. छाननीची सुरुवात एखाद्या जिल्ह्यापासून करायची असेल, तर ती आमच्यापासून करावी, अशी विनंती आहे.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील